गावचा पोलीस, केंद्राचा पैसा आणि घरातली बाई

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



अमेरिकेतला पोलीस आपल्याला सिनेमातून माहीत असतो, पण तो कोणाचा नोकर आहे हे सिनेमात कळत नाही. आपल्याकडे पोलीस राज्य सरकारचा. तिथे तो बहुतेक वेळा गावाचा, शहराचा नाहीतर काउंटीचा असतो. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग समजा. त्याचा पगार तिथल्या लोकांच्या करातून निघतो. काउंटीचा शेरीफ तर मतं मागून निवडून येतो. म्हणजे पोलीस वाईट वागला, तर गावातल्या बाईला निदान नगरसभेत उभं राहून जाब विचारता येतो. अमली पदार्थांविरुद्धच्या संयुक्त पथकांनी हा जाबच कसा पातळ केला, ते मला आज सांगायचं आहे.

ही पथकं दोन तऱ्हेची. एक केंद्राच्या खात्याची, म्हणजे डीईएची. पहिलं १९७० साली न्यूयॉर्कमध्ये निघालं. त्यात गावचा पोलीस उसना घेतात, त्याला केंद्रीय अधिकार देतात, त्याच्या ओव्हरटाइमचा खर्च उचलतात. दुसरी तऱ्हा म्हणजे काही काउंट्या एकत्र येऊन केंद्राच्या अनुदानावर पथक चालवतात. हे अनुदान १९८८ च्या कायद्याने आलं. त्याला एडवर्ड बर्न या पोलिसाचं नाव आहे. साक्षीदाराच्या घरावर पहारा देताना त्याला गोळ्या घालून मारलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळातली भीती खोटी नव्हती. क्रॅकने वस्त्याच्या वस्त्या पोखरल्या होत्या आणि पोलीस पाठवा म्हणून आयाच ओरडत होत्या.

पण आला तो पोलीस पैशाची वाट बघत आला. १९८४ च्या कायद्याने केंद्राने जप्त केलेल्या पैशातला, गाडीतला, घरातला वाटा स्थानिक पोलिसांना मिळू लागला. तो ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मिसूरी राज्यात जप्तीचा पैसा शाळांना जावा असा नियम आहे. पोलिसांनी जप्ती केंद्राकडे वळवली की तोच पैसा शाळेला चुकवून पोलीस खात्यात परत येतो. नवऱ्याने मारलं म्हणून धावत आलेल्या बाईच्या तक्रारीतून कोणाला गाडी मिळत नाही. खात्याचं लक्ष कुठे जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता टेक्सासमधल्या हर्न गावाची हकीकत सांगते. हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. नोव्हेंबर २००० मध्ये तिथे अनुदानावरच्या पथकाने धरपकड केली. आरोपी २८, जवळजवळ सगळे काळे. पुरावा म्हणजे एका खबऱ्याचा शब्द, आणि तो खबऱ्या स्वतःच गुन्ह्यात अडकलेला. रेजिना केली ही २४ वर्षांची, चार मुलींची आई, एका खानावळीत वाढपी होती. तिला कामावरूनच उचललं. जामीन ७० हजार डॉलर. गुन्हा कबूल कर, प्रोबेशनवर लगेच घरी जा, असं तिला सांगण्यात आलं. तिने नाही म्हटलं. पोरी आजीकडे आणि आई कोठडीत, असे काही आठवडे गेले. पुढच्या वर्षी खबऱ्या खोटा ठरला आणि तिच्यावरचा खटला काढून घेतला गेला.

त्याच धरपकडीत दोन मुलांची आणखी एक आई होती. ती जवळपास महिनाभर कोठडीत होती. मुलांकडे कोण बघणार या काळजीने तिने कबुली दिली. तिला दहा वर्षांचं प्रोबेशन मिळालं. बाकीच्यांचे खटले कोसळले, पण हिची कबुली कागदावर राहिली. अन्नाची कुपनं बंद झाली, सरकारी घरातून बाहेर काढलं. केलीच्या धैर्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे, तिच्या लढ्यावर पुढे चित्रपटही निघाला. पण मला जास्त छळते ती ही दुसरी बाई. तिने भित्रेपणा केला असं कोणी म्हणू नये. लेकरं उघड्यावर असताना आई जे करील, ते तिने केलं.

घराचं तर आणखी पुढे गेलं. २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी चाळीतल्या कुटुंबापैकी कोणी अमली पदार्थ बाळगले, तर भाडेकरूला काढता येईल, मग तिला त्यातलं काही ठाऊक असो वा नसो. ओकलँडच्या त्या खटल्यात म्हाताऱ्या आज्या होत्या. नातवाने पार्किंगमध्ये गांजा ओढला, त्याची शिक्षा आजीला.

संयुक्त पथकाने प्रकरण केंद्राच्या कोर्टात नेलं की शिक्षेचं मापही बदलतं. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं ठरवली, तेवढ्याच शिक्षेला कोकेनची पूड ५०० ग्रॅम लागे. हे शंभरास एक प्रमाण २०१० मध्ये अठरास एकवर आलं. १९८८ मध्ये कटात सामील असणाऱ्यालाही हीच किमान शिक्षा लागू झाली. कट म्हणजे काय? फोन घेतला, निरोप दिला, त्याच्या सांगण्यावरून पैसे पोचवले. केम्बा स्मिथ ही कॉलेजातली मुलगी, मारझोड करणाऱ्या मित्राच्या कह्यात सापडली. तिने स्वतः माल विकला नव्हता, तरी १९९४ मध्ये साडेचोवीस वर्षांची शिक्षा झाली. मूल कैदेत जन्मलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २००० च्या डिसेंबरात तिची सुटका केली. बड्या माणसाकडे सरकारला देण्यासारखी नावं असतात, त्या बदल्यात तो शिक्षा कमी करून घेतो. बाईला सांगण्यासारखं काहीच ठाऊक नसतं.

लोक गप्प बसले असं नाही. ट्यूलिया या टेक्सासमधल्याच गावी १९९९ साली एका गुप्त पोलिसाच्या शब्दावर ४६ जण धरले. त्यातल्या एका बाईने बँकेची पावती दाखवली. माल विकला म्हणतात त्या वेळी ती शेजारच्या राज्यात, ओक्लाहोमा शहरात होती. २००३ मध्ये ३५ जणांना राज्यपालांनी माफी दिली, पथक चालवणाऱ्या अमारिलो शहराला ५० लाख डॉलर भरावे लागले, आणि पथक मोडलं. २००१ मध्ये टेक्सासने कायदा केला, की अशा खटल्यांत नुसत्या खबऱ्याच्या साक्षीवर शिक्षा नाही. २००६ पर्यंत तिथली अनुदानावरची पथकं जवळपास संपली. म्हणजे दावे लावून, बातम्या काढून, पैसा अडवून हे थांबवता येतं. मात्र जप्तीतला वाटा आणि डीईएची पथकं चालू आहेत.

आपल्यापैकी कोणी विचारील, हे आपल्याला कशाला? आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा काढा. कलम २५ सांगतं, की आपलं घर जाणूनबुजून अशा कामाला वापरू देणाराही गुन्हेगार. 'जाणूनबुजून' हा शब्द आहे म्हणून दिलासा वाटतो. पण कलम ३५ म्हणतं, की अशा खटल्यांत आरोपीचा दोषी हेतू कोर्टाने गृहीत धरायचा, आणि तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. नवऱ्याने माळ्यावर काय ठेवलंय हे आपल्याला माहीत नव्हतं, हे बाईने कसं सिद्ध करायचं? वकील मैत्रिणींनी चर्चेत इथूनच सुरुवात करावी.