अर्धशिशी: दोष तुमचा नाही



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रीची शिफ्ट करणाऱ्यांनो,
उसाच्या फडात उन्हात राबणाऱ्या ताई-मावशींनो,
आज तुमच्याशीच बोलायचंय.

अर्धं डोकं ठणकतं.
मळमळतं.
उजेड नको, आवाज नको.
आणि घरात कुणीतरी म्हणतं, “नाटकं करतीया!”

नाही हो.
अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे.
पुष्कळदा तो घराण्यातून येतो.
बायकांना जास्त होतो,
कारण मासिक पाळीत संप्रेरकं खाली-वर होतात.
दोष तुमचा नाही.

झोप मोडली, जेवण चुकलं, ऊन लागलं,
की डोकं उठतं.
प्रत्येकाचं कारण निराळं.
म्हणून वहीत लिहा.
कधी दुखलं?
त्याआधी काय झालं?
ही वही डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलमधली गोळी मात्र जपून.
आठवड्यात 2 दिवसांहून जास्त नको.
सतत घेतली, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं.
दुखणं वरचेवर येऊ नये, यासाठी वेगळी औषधं असतात.
ती डॉक्टरांकडूनच घ्या.
मागताना संकोच कसला?
दोष तुमचा नाही.

पण अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं,
बोलणं अडखळलं,
हात किंवा पाय लुळा पडला,
तर घरी थांबू नका.
लगेच 108 ला फोन करा.