जॅकेटवरचा नंबर वाचा



सुरुवातीला मी विचारलं, घरात कोण कोण जहाजावर आहे? निम्म्याहून जास्त हात वर झाले. कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत यात नवल नाही. कुणाचे आजोबा खलाशी होते, कुणाचे मामू इंजिन रूममध्ये आहेत, कुणाचा भाऊ नुकताच कॅडेट म्हणून रुजू झालाय. मीही बरीच वर्षं जहाजावर काढली. थर्ड ऑफिसर असताना जीव वाचवायच्या सामानाची देखभाल माझ्याकडे होती. त्या सामानातल्या एकाच वस्तूबद्दल आज बोलतो : हवेने फुगणारं लाइफ जॅकेट.

आपल्या किनाऱ्याला बुडण्याच्या आठवणी आहेत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जीव गेले. अशा प्रत्येक अपघातानंतर आपण विचारतो, जॅकेट होती का? घातली होती का? हे प्रश्न बरोबरच आहेत. पण आणखी एक प्रश्न असतो, तो फारसा कुणी विचारत नाही : ते जॅकेट चाललं असतं का?

प्रवासी बोटीवरच्या जाड, नारंगी जॅकेटमध्ये फोम असतो. तो फाटला, कुजला तर डोळ्यांना दिसतं. फुगणारं जॅकेट मात्र पट्ट्यासारखं सपाट असतं. ते अंगावर घालून दिवसभर काम करता येतं, म्हणून जहाजावर, यॉटवर, बचाव पथकांत ते वापरतात. त्याच्या आत घडी केलेली पिशवी, कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर आणि ते फोडणारी यंत्रणा असते. पाण्यात पडलं की काही जॅकेटांमध्ये विरघळणारी गोळी किंवा कागदी कडी सुटते, काहींमध्ये पाण्याच्या दाबाने झडप उघडते. मग खिळा सिलिंडरचं तोंड फोडतो आणि काही सेकंदांत पिशवी फुगते. काही बिघडलं तर हाताने ओढायची दोरी असते, आणि तीही चालली नाही तर तोंडाने फुंकायची नळी.

गोम अशी, की यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. खुंटीला टांगलेलं चांगलं जॅकेट आणि मेलेलं जॅकेट सारखंच दिसतं. एकदा तपासणीत मी एक जॅकेट उघडलं, तर सिलिंडर आट्यांवर सैल झालेलं. दोन बोटांनी फिरत होतं. ते जॅकेट घालून आमचे लोक कित्येक महिने डेकवर वावरले होते. जॅकेट नसतं तर त्यांनी कठडा घट्ट धरला असता. जॅकेट होतं, म्हणून निर्धास्त होते. बिघडलेलं जॅकेट असं फसवतं.

म्हणून तपासणी शिकून घ्या. अवघड नाही.

आधी बाहेरून बघा : पट्टे, शिवण, बक्कल, मांड्यांमधून जाणारा पट्टा. मग कव्हर उघडा. सिलिंडर काढा. त्याच्या तोंडावरचं सील अखंड हवं, भोक नको, गंज नको. सिलिंडरवर वजन कोरलेलं असतं, ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पडताळा. साध्या १५० न्यूटनच्या जॅकेटमध्ये साधारण ३३ ग्रॅम वायू असतो. वजन कमी भरलं तर सिलिंडर बदला. परत बसवताना हाताने घट्ट पिळा. धक्क्यांनी आणि कंपनांनी ते सैल होतं, म्हणून हे एकदा करून भागत नाही. यंत्रणेवरची खूण हिरवी आहे का, तिची मुदत संपली का, ते बघा. विरघळणारी गोळी असेल तर आपल्या पावसाळी दमट हवेत जास्त लक्ष ठेवा. शेवटी पिशवी नळीतून पंपाने फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली तर गळती आहे. घडी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच घाला. आणि लक्षात ठेवा, घरची तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरच्या फुगणाऱ्या जॅकेटचं सर्व्हिसिंग जास्तीत जास्त १२ महिन्यांनी मान्यताप्राप्त केंद्रात व्हायलाच हवं.

पण काही दोष तुमच्या डोळ्यांना कधीच सापडणार नाहीत. कारखान्यातच खिळा आखूड बसला, जोड नीट चिकटला नाही, तर तुम्ही कितीही काळजी घ्या. त्यासाठी रिकॉल असतो. कंपनी जाहीर करते की अमुक मॉडेल, अमुक तारखांमध्ये बनलेलं, अमुक लॉटचं, ते वापरू नका, परत करा. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जॅकेटचे ब्रँड पुष्कळ आहेत, पण फुगवणारी यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. त्यामुळे एका यंत्रणेतला दोष अनेक ब्रँडमध्ये शिरू शकतो. म्हणून जॅकेटच्या लेबलाचा फोटो काढाच, यंत्रणेवरच्या नावाचा आणि तारखेचाही काढा. खरेदीची नोंदणी कंपनीकडे करा. दर सर्व्हिसिंगच्या वेळी दोन्ही कंपन्यांच्या रिकॉलच्या सूचना बघा.

आता आपल्या लोकांचा प्रश्न. अलंगला आणि मुंबईत दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकलं जातं. स्वस्त मिळतं म्हणून छोट्या बोटींचे मालक ते घेतात. त्यांना दोष देत नाही, पैशाची ओढाताण मला माहीत आहे. पण त्या जॅकेटची ना पावती, ना सर्व्हिसिंगची नोंद. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाला जातं, तिसऱ्याला नाही. धोका खाली सरकत सरकत सगळ्यात गरीब माणसाच्या अंगावर येतो. हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो आपल्या चळवळीचाही आहे.

हक्क कागदावर आहेत, ते वापरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवायला लावू शकतं. २०२२ मध्ये मानकांत न बसणाऱ्या प्रेशर कुकरबाबत असे आदेश निघाले होते. तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. सागरी कामगार करार, २००६ भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार खलाशाला जहाजावर तक्रार करायचा हक्क आहे आणि तक्रार केली म्हणून त्याला त्रास देता येत नाही. कॅडेट भावांनो, जॅकेट सैल दिसलं तर "साहेब रागावतील" म्हणून गप्प बसू नका. लेखी कळवा, तारीख टाका, फोटो जोडा. रिकॉलची सुरुवात कुठेतरी अशाच एका माणसाने तोंड उघडल्यामुळे होते. त्याची एक तक्रार दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या धर्माच्या, कधीच न भेटणाऱ्या माणसाचा जीव वाचवते.

उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडू, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी बांधायला सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यात एवढंच जोडायचंय : बांधायच्या आधी दोरी कुजलेली नाही ना, तेही बघावं लागतं.

आज घरी गेल्यावर जहाजावरच्या आपल्या माणसाला फोन करा. खुशाली विचारा. आणि मग विचारा, "भाई, तुझ्या जॅकेटची तारीख काय आहे?"