माप आपल्या हातात

 हातातलं काम चालू ठेवा, तव्यावर भाकरी असेल तर ती उलटा, आणि कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही उक्त्या कामाबद्दल बोलणार आहोत. कुठं त्याला गुत्तं म्हणतात, कुठं खंडून घेतलेलं काम म्हणतात. नाव काहीही असो, रीत एकच. रोजाचा पैसा नाही, कामाचा पैसा. एक एकर कांदा लावून द्यायचा, त्याचे एवढे रुपये. किती जणी आल्या आणि किती दिवस लागले, ते आपलं आपण बघायचं.

आमच्या बचत गटातल्या 12 जणी असं काम अंगावर घेतात. रोजंदारी सोडून आम्ही उक्त्याकडं का वळलो, ते आधी सांगतो. रोजानं गेलं की बांधावर कोणीतरी उभं असतं. पाठ सरळ केली की हाक येते, पाणी प्यायला गेलं की घड्याळ दाखवतात. उक्त्या कामात तसं नाही. आम्ही सकाळी सहाला वाफ्यात उतरतो. उन्हं चढली की जेवतो, घटकाभर झाडाखाली पाठ टेकतो. कुणाचं पोर शाळेतून लवकर येणार असेल, तर ती लवकर निघते आणि दुसऱ्या दिवशी भरून काढते. विचारायचं कुणाला? आपल्यालाच. हे सुख लहान नाही, मैत्रिणींनो. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या हाकेवर काम केलं, त्यांना ते कळेल.

पण मालक डोक्यावर नाही म्हणजे आपण मोकळ्या झालो, असं आम्हाला वाटलं होतं. ते पुरतं खरं नव्हतं. ते कसं कळलं, ती गोष्ट ऐका.

गेल्या पौषात आम्ही एका एकराची कांद्याची लागण घेतली. 10,000 रुपये ठरले. आमचा अंदाज अडीच दिवसांचा. 12 जणी अडीच दिवस, म्हणजे 30 रोज. जणीला रोजाचे 333 रुपये पडणार होते. त्या वेळी आमच्याकडं बायकांचा रोज 300 चालला होता, म्हणजे 33 रुपये जास्तच. आम्ही खुशीत होतो.

अडीच दिवस झाले, तरी रान संपेना. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना शेवटचा वाफा झाला. कंबरेचा पार खुळखुळा. 30 ऐवजी 36 रोज लागले होते. 10,000 ला 36 नं भागा. जणीला 278 सुद्धा पुरते येत नाहीत. रोजानं गेलो असतो तर 300 मिळाले असते. एक म्हणाली, आपणच हळू झालो. दुसरी म्हणाली, रोपं बारकी होती. आम्ही दोष शोधला तो आमच्याच हातात.

आमच्यातली बीए झालेली, जी आत्ता तुमच्याशी बोलतेय, तिलाही सुचलं नाही. सुचलं ते एकीच्या दहावीतल्या लेकीला. ती म्हणाली, "आई, रान मोजलं का?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. रान कुणी मोजतं का? मालक एकर म्हणाला, म्हणजे एकर.

मोजायची रीत सोपी आहे, ती लक्षात ठेवा. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. 40 गुंठे म्हणजे एक एकर. 33 फुटांची एक दोरी घ्या. रान चौकोनी असेल तर एका बाजूनं ती किती वेळा बसते ते मोजा, मग दुसऱ्या बाजूनं मोजा, आणि दोन्ही आकडे गुणा. 8 वेळा लांब आणि 5 वेळा रुंद भरलं, तर 40 गुंठे. रान तिरकं असेल तर त्याचे चौकोनी तुकडे पाडून मोजा आणि बेरीज करा. आम्ही मोजलं तर लांबीला दोरी 8 वेळा बसली आणि रुंदीला 6 वेळा. 48 गुंठे! आठ गुंठे आम्ही फुकट लावले होते. 48 गुंठ्यांचे 12,000 व्हायला हवे होते.

अवघड भाग त्याच्या पुढं आहे. ते रान आमच्याच गटातल्या एकीच्या घरचं. तिचे मालक म्हणाले, "आमच्या आज्यापासून ह्याला एकराचं रान म्हणतात." त्यांनी मुद्दाम फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. पण पैसे द्यायलाही ते तयार नव्हते. ती मैत्रीण दोन बैठकींना आली नाही. आमच्यातल्या काही म्हणाल्या, जाऊ द्या, गाव एक आहे, उद्या काम कोण देईल? काही म्हणाल्या, आज जाऊ दिलं तर उद्या सगळ्यांचाच एकर 48 गुंठ्यांचा होईल. शेवटी चौघी त्यांच्या घरी गेलो, ओसरीवर बसलो, वही दाखवली आणि म्हणालो, "दादा, दोरी तुम्ही धरा." त्यांनी धरली. 2,000 पैकी 1,000 मिळाले. पुढच्या हंगामापासून आधी मोजायचं, मग बोली करायची, हे त्यांनीच कबूल केलं. मैत्रीण तिसऱ्या बैठकीला आली. बोलली कमी, पण आली.

तेव्हा एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. काम आपलं, वेळ आपली, पण माप दुसऱ्याचं असेल, तर मुकादम गेला नाही, तो फक्त दिसेनासा झाला.

हे शेतातच होतं असं नाही. कापूस वेचताना काटा कोणाचा? घरी शिवणकाम आणता तेव्हा नग मोजतं कोण, आणि "ही शिलाई वाकडी" म्हणून बाजूला काढतं कोण? सोलापुरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. पानं, तंबाखू दुसऱ्याचा, घर आपलं. अशी घरी काम करणारी बाईही कामगारच, हे 1966 च्या बिडी कामगारांच्या कायद्यानं मानलं. घरात बसून केलं म्हणून ते काम "फावल्या वेळचं" होत नाही. किमान वेतनाचा नियमही सांगतो की नगावर काम दिलं, तरी ठरलेल्या किमान रोजापेक्षा कमी पडता कामा नये. आणि माप आपल्या हाती ठेवायचं उदाहरण हवं असेल, तर लिज्जत पापड आठवा. 1959 साली मुंबईत गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. आजही तिथं पीठ नेऊन पापड घरी लाटतात, पण लाटणारी बहीण ही संस्थेची भागीदार असते. घरचंच काम, पण हिशेबात तिचा वाटा.

आता आमचीच एक चूक सांगतो. उक्त्यात काम लवकर संपलं की पैसा जास्त पडतो. म्हणून आम्ही घाई करू लागलो. आमच्यात एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांचा हात सावकाश चालतो. एकदा टमटम भरली आणि आमच्यातली एक म्हणाली, "मावशी, आज तुम्ही राहू द्या." मावशी काही बोलल्या नाहीत. डबा घेऊन माघारी गेल्या. त्याच आठवड्यात एक जण अंगात ताप असताना आली, कारण न आलं तर वाटा नाही. बांधावर मुकादम नव्हता. मुकादम आम्हीच झालो होतो.

त्या महिन्याच्या बैठकीत खूप बोलणं झालं, रडणंही झालं. मग आम्ही नियम केले. बोलीआधी दोरीनं मोजायचं. टमटमचं भाडं कोण देणार ते आधीच ठरवायचं. वही कामाच्या जागीच लिहायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. वाटा सगळ्यांना सारखा. मावशी रोपांच्या जुड्या करून देतात, त्यांचा वाटाही पूर्ण. आणि प्रत्येक उक्त्यातून शेकडा 5 रुपये बाजूला ठेवायचे, आजारी पडणारीसाठी. शेवटच्या नियमावर सगळ्या राजी नव्हत्या. दोघी अजून कुरकुरतात. त्यांचंही चुकत नाही. 10,000 मधले 500 जातात, ते घरात जाणवतातच.

कारण उक्त्या कामात रजा नाही, दवाखाना नाही, पेन्शन नाही. त्याची जमेल तेवढी तजवीज आपणच करायची. 16 ते 59 वयाच्या आणि पीएफ नसलेल्या असंघटित कामगारांनी ई-श्रम कार्ड काढावं, नोंदणीला फी नाही. बँकेत खातं असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत होतो. त्यात अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण आहे. गटाच्या बैठकीत एकेकीचं पासबुक बघा, 20 रुपये कापले गेलेत का ते तपासा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपलं काम सांगायचं आणि चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. दर कोणी ठरवला? माप कोणाच्या हातात? वही कोण लिहितं? आणि मी आजारी पडले तर काय? जिथं उत्तर "दुसरं कोणीतरी" किंवा "माहीत नाही" असं येईल, तिथून सुरुवात करा. आणि 33 फुटांची दोरी कापून घ्या. आमची दोरी गटाच्या पेटीत, वहीच्या शेजारी असते. ती घेऊन आता मावशीच पुढं चालतात.