शनवार तेली आणि त्यांची पोथी



कल्याण-डोंबिवलीकडून लोकलगाडीने मुंबईस गेला असाल, तर अखेरीस मशीद नावाचे स्टेशन लागते. नाव ऐकून आपण मुसलमानांची मशीद समजतो. पण कोकणातले बेने इस्राएल लोक आपल्या यहुदी प्रार्थनामंदिरालाही मशीदच म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली त्या भागात असे मंदिर बांधले. त्यावरूनच स्टेशनाला नाव पडले, असे सांगतात. याच समाजाचे मंदिर ठाण्यास टेंभी नाक्याजवळ आहे, १८७९ सालचे. नाव शाआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचे दार.

यांची आडनावे पाहा: किहीमकर, पेणकर, राजपूरकर. सगळी कोकणातली गावे. धंदा तेल गाळण्याचा. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा. मग उरले काय? शनिवारची विश्रांती, आठव्या दिवसाची सुंता, खवले नसलेली मासळी वर्ज्य, आणि शेमा ही एक प्रार्थना. बारसे असो की लग्न, तीच म्हणायची. हाती पोथी नाही, अन् धर्म मात्र चालू!

पोथी पुढे एकोणिसाव्या शतकात आली, तीही परक्या हातून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू अर्थातच ख्रिस्ती करण्याचा. पण शिकलेली मंडळी बाटली थोडी, आणि आपलाच धर्म वाचू लागली! जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडण सणाची पोथी १८७४ साली पुण्यास हिब्रू-मराठीत चित्रांसह निघाली. इतकेच काय, अब्राहाम-मोशेच्या कथांवर कीर्तनेही होऊ लागली. शिक्षक बंधुभगिनींनो, मातृभाषेतून विद्या दिल्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

घाणा सुटला, रेल्वे आणि कचेरीची नोकरी आली, तेव्हा शनिवार पाळणे जड गेले. खरी कसोटी मात्र निराळीच होती. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि हजारो मंडळी तिकडे गेली. तिथे १९६२ च्या सुमारास वरिष्ठ धर्मगुरूंनी फर्मावले, की यांची लग्ने लावण्यापूर्वी वंशाची चौकशी करा. शतकानुशतके ज्यांनी कागदावाचून धर्म राखला, त्यांच्यापाशी आता वंशाचा पुरावा मागायचा! लोक चिडले, जेरुसलेमात धरणे धरून बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने सांगितले, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत.

ठाण्यात आता थोडी कुटुंबे राहिली आहेत. शुभकार्य निघाले की त्यांच्या घरी मलिदा करतात. गोड पोहे, खोबरे, फळे यांचे ताट मांडून एलियाहू संदेष्ट्याचे नाव घेतात. तिकडे इस्राएलातही हे ताट मांडले जाते, आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथल्या मंडळींनी काढले.