अंतर किती आणि वेळ किती?

भूगोलाच्या तासाला मी मुलांना एक गणित घालीत असतो. बेळगावजवळच्या सांबरा विमानतळापासून इंदूरचा विमानतळ आकाशमार्गाने किती दूर? मुले लगेच पट्टी शोधू लागतात. परंतु पट्टीची गरज नाही. बेळगावचा अक्षांश सुमारे १५ अंश ५२ कला, इंदूरचा २२ अंश ४३ कला. एका अंशाच्या साठ कला. वजाबाकी केली की ४११ कला उरतात. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा. गुणाकार ७६१ किलोमीटर येतो. इंदूर किंचित पूर्वेला आहे, म्हणून खरे अंतर ७७० च्या आसपास. सडकेने पुण्यावरून गेल्यास ते नऊशेंहून अधिक भरते.

आता वेळेचे गणित. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने गेले, तर अठ्ठावन्न मिनिटे. पंख्याचे विमान ताशी ५०० ने गेले, तर दीड तासाहून थोडा अधिक. परंतु विमान साऱ्या वाटेवर त्याच वेगाने जात नाही. जमिनीवरची संथ चाल, वर चढणे, खाली उतरणे, समोरचा वारा, यांपायी पंधरा-वीस मिनिटे वाढतात. वेळापत्रकात छापलेला वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो.

हे सारे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली होती. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिच्या घरून दूरध्वनी आला, ‘ताबडतोब निघा.’ थेट विमान होते. परंतु त्याचा वार तो नव्हता. दुसऱ्या शहरी जावे, तेथे रात्र काढावी, मग पुढचे विमान धरावे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोहोचलो, तेव्हा माती देऊन मंडळी घरी परतली होती. त्या दोन दिवसांत अंतर मात्र एका किलोमीटरानेही वाढले नव्हते.

लहान गावे विमानाने जोडावीत म्हणून २०१६ साली ‘उडान’ योजना निघाली, आणि २०२० साली बेळगाव-इंदूर थेट विमाने सुरू झाली. अशा मार्गाला सरकारी मदत तीन वर्षांपुरतीच मिळते. पुढे तो प्रवाशांवरच तगतो. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरे नांदत आहेत. आमच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. त्यांना तासाभराचे अंतर आठवड्यातून किती दिवस तासाभराचे असते, हाच खरा प्रश्न आहे.

हल्ली मी मुलांना ते गणित घालतो, तेव्हा शेवटी एक प्रश्न जोडतो: ‘आज वार कोणता?’ मुले हसतात. मी त्यांना हसू देतो.