कोण आहे तिकडे? : विज्ञानकथात्मक दूरचित्रमालिका आणि माणूस



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी पदार्थविज्ञान शिकलो. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना आनंदापेक्षा धाकच अधिक वाटतो. स्मृतिव्याख्यानाला दूरचित्रवाणीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण हा विषय मला सरांनीच दिलेला आहे, असे मी मानतो.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागे. आमच्या वाड्यात संच एकच, तोही मालकांच्या दिवाणखान्यात. दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. सोमवारी आम्ही सरांना विचारीत असू, की प्रकाशाहून अधिक वेगाने यान जाऊ शकेल काय? सर फळ्यावर समीकरण मांडून ‘नाही’ म्हणत. मग खडू खाली ठेवून विचारीत, “यानाचे झाले. आता सांगा, त्या ग्रहावरच्या प्राण्याचे म्हणणे काय होते?” ते आम्हांला आठवत नसे. आमचे सारे लक्ष किरणांच्या बंदुकांकडे असे.

या मालिकेचा १९६७ सालचा एक भाग मी पुढे पुष्कळ वर्षांनी लक्षपूर्वक पाहिला. एका खाणीत दगडासारखा दिसणारा प्राणी कामगारांना ठार करीत असतो. सारे त्याला मारायला निघतात. शेवटी कळते, की ती एक आई आहे आणि खाणवाल्यांनी निरुपयोगी गोटे म्हणून जे फोडले, ती तिची अंडी होती. प्राणी म्हणजे रबरी पोशाखाखाली सरपटणारा एक नट, हे पाहणाऱ्याला लपत नाही. तरीही हसू येत नाही. या मालिकांजवळ चित्रपटांइतका पैसा नव्हता, आणि माझ्या मते ते त्यांचे भाग्यच होते. देखावा उभारता येत नसल्यामुळे त्यांना संवाद उभारावा लागला.

या प्रकाराला गांभीर्य देणाऱ्यांत रॉड सर्लिंग या अमेरिकन लेखकाचे नाव अग्रभागी आहे. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाईन्समध्ये लढला होता. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि केवळ गोऱ्या पंचांच्या न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडून दिले. सर्लिंगने त्या घटनेवरून नाटक लिहिले. १९५६ साली ते दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा त्यातला मुलगा नाहीसा झालेला होता आणि गाव उत्तरेकडे सरकले होते. प्रायोजकांना दक्षिणेतला प्रेक्षक दुखवायचा नव्हता. सर्लिंगने यावरून जो धडा घेतला तो मोठा चतुर होता. मिसिसिपीतल्या माणसाच्या तोंडी जे घालता येत नाही, ते परग्रहावरच्या माणसाच्या तोंडी खुशाल घालावे. प्रायोजकाला ते खटकत नाही. आपल्याकडे कीर्तनकार पुराणातल्या राजाची गोष्ट सांगता सांगता गावच्या पाटलाला टोला हाणीत, त्याच जातीची ही युक्ती. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. तिच्या १५६ भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले.

त्यांतला एक भाग मार्च १९६० मधला. मेपल स्ट्रीट नावाची एक साधी गल्ली. उन्हाळ्याची संध्याकाळ. आकाशातून काहीतरी गर्जत जाते आणि वीज, दूरध्वनी, मोटारी, सारे बंद पडते. एक मुलगा सांगतो, की त्याने वाचलेल्या गोष्टीत परग्रहवासी आधी माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब पाठवतात. मोठी माणसे हसतात. पण एवढ्यात एका शेजाऱ्याची मोटार आपोआप सुरू होते, आणि हसणे थांबते. तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का बघतो, हे कोणाला तरी आठवते. बिचाऱ्याला झोप येत नसते, एवढेच. दुसरा आपल्या तळघरात रेडिओ जुळवीत असतो. तोही संशयित ठरतो. अंधारातून एक आकृती चालत येते. बंदूक झाडली जाते. मेलेला माणस त्यांचाच शेजारी निघतो. पलीकडच्या गल्लीत दिवे आहेत का, हे पाहायला तो गेला होता. मग दगडफेक सुरू होते. टेकडीवर बसलेले परग्रहवासी एवढेच पाहत असतात, की आपल्याला काही करावेच लागत नाही.

या भागात यंत्र म्हणावे तर दिवा लावण्याची आणि विझवण्याची एक कळ आहे. बाकी सारे माणसांनी केले.

मी तो पाहिला, तेव्हा मला १९८२ सालची आपल्या वडोदऱ्यातली एक रात्र आठवली. येथे बसलेल्या पुष्कळांना ते दिवस आठवत असतील. संचारबंदी होती. त्या रात्री वीज गेली आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका गच्चीवर कंदिलाचा उजेड हलू लागला. तिथे राहणारी माणसे आमच्या धर्माची नव्हती. वाड्यात कुजबुज सुरू झाली, की हा इशारा आहे. आमच्यातल्या दोन तरुणांनी विटांचे तुकडे गोळा केले. मी बारा वर्षांचा होतो, आणि खरे सांगायचे तर मीही तुकडे वेचून दिले. सर त्याच वाड्यात राहत. ते वर आले, कठड्याशी उभे राहिले आणि मोठ्याने ओरडले, “कोण छे भाई?” क्षणभर उजेड थांबला. मग उत्तर आले, “पाणी जोउं छुं, साहेब.” तो गृहस्थ टाकीतले पाणी पाहत होता. त्याचा मुलगा याच शाळेत शिकत होता, म्हणून त्याने आवाज ओळखला. सर खाली निघून गेले. विटांच्या तुकड्यांविषयी ते कोणाला काही बोलले नाहीत.

मेपल स्ट्रीटवर चालत येणाऱ्या त्या माणसाला कोणी हाक मारीत नाही, हे माझ्या लक्षात आले ते या आठवणीमुळे.

आता ज्या भागासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो. ‘स्टार ट्रेक’च्या नव्या पिढीच्या मालिकेत डेटा नावाचा एक मानवसदृश यंत्रपुरुष अधिकारी आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये दाखवलेला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिला. त्या आधी वकील होत्या आणि ते जाणवते. मॅडॉक्स हा शास्त्रज्ञ डेटाला सुटा करून त्याच्यासारखे अनेक घडवू पाहतो. डेटा नकार देतो, राजीनामा देतो. कायद्याची अधिकारी म्हणते, की तो तर आरमाराची मालमत्ता आहे. संगणक राजीनामा कसा देईल? सुनावणी होते. मनुष्यबळ अपुरे, म्हणून डेटाच्याच मित्राला, रायकरला, त्याच्याविरुद्ध उभे राहावे लागते. तो डेटाचा हात काढून दाखवतो आणि एक कळ दाबून त्याला बंद करतो. बाहुली मेजावर कलंडावी तसा डेटा कलंडतो. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तो जिंकतो आहे हे कळताच रायकरचा चेहरा पडतो.

कप्तान पिकार्ड हताश होऊन गायनन या स्त्रीकडे जातो. ती भूमिका व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे. ती शांतपणे सुचवते, की ज्यांच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही अशी राबणारी माणसे प्रत्येक काळी कोणीतरी निर्माण केलीच आहेत. गुलामगिरी हा शब्द पिकार्ड उच्चारतो. एक डेटा हे कुतूहल आहे. हजारो डेटा ही एक जमात होईल. न्यायाधीश शेवटी कबूल करते, की डेटाला आत्मा आहे किंवा नाही हे तिला ठाऊक नाही; पण तो शोध घेण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे.

बोलणारी यंत्रे आज आपल्या मुलांच्या हातात आली आहेत. ती डेटा आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. मला ती धूर्त पोपटाच्या अधिक जवळची वाटतात. मला काळजी आहे ती त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांची. सांगितले की करणारा, कधी न दमणारा नोकर लहानपणापासून मिळाला, तर ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाशी बोलण्याची सवय त्यांना कोठून लागणार?

सरांनी हा भाग पाहिला असता, तर त्यांनी तोच प्रश्न विचारला असता, की त्या यंत्राचे म्हणणे काय होते? या वेळी मला उत्तर आठवते. मॅडॉक्स त्याला सांगतो, की तुझ्या साऱ्या स्मृती उतरवून ठेवू, काही हरवणार नाही. डेटा म्हणतो, की घटना राहतील, पण त्या क्षणाची चव राहणार नाही. पत्त्यांच्या खेळाविषयी त्याने सगळी पुस्तके वाचली होती. मित्रांबरोबर खेळायला बसल्यावर खेळ निराळाच निघाला. आणि सुनावणीत त्याची बांधलेली पिशवी उघडतात, तेव्हा तीत पदके असतात, कप्तानाने दिलेले एक पुस्तक असते, आणि मरण पावलेल्या एका सहकारिणीची छोटी प्रतिमा असते. पिकार्ड त्याला विचारतो, की ही पदके तू बरोबर का घेतलीस, त्यांचा तुला उपयोग काय? डेटा जरा थांबतो. त्याला कारण सांगता येत नाही. आपल्याला ती हवी होती, एवढेच तो सांगतो.