सवाईच्या मांडवात सासूबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. गेल्या आठवड्यात चिटणीसबाई दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही सासूबाईंना सवाईला नेलेत, त्याविषयी बोला." मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई. गाण्यातले मला काय कळते?" त्या म्हणाल्या, "गाण्याचे नका सांगू, नेण्याचे सांगा." तेवढ्या भरवशावर उभी राहिले आहे. सासूबाई समोरच बसल्या आहेत. माझे कोठे चुकले तर त्या जागेवरूनच सांगतील, त्याची काळजी नाही.

आपल्यात नव्या आलेल्या सुनांसाठी आधी थोडे सांगते. कुंदगोळचे रामभाऊ, ज्यांना लोक सवाई गंधर्व म्हणत, ते 1952 साली पुण्यात वारले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी आणि इतर मंडळींनी 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ गाण्याचा हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. 2011 साली भीमसेनजी गेले, तेव्हा त्यांचेही नाव उत्सवाला जोडले गेले. डिसेंबरच्या थंडीत, मैदानावर मांडव घालून, हजारो माणसे एके ठिकाणी बसून गाणे ऐकतात. पूर्वी हा उत्सव शहराच्या मध्यभागी भरे. 2018 साली तो आपल्या बाजूला, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला. बिबवेवाडीहून रिक्षाने गेले तर फार लांब नाही.

आता आमच्या घरचे. सासूबाई 1966 साली लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आल्या. मामंजी छापखान्यात जुळारी होते. पगार बेताचा, पण गाण्याचे वेड मोठे. सवाईचे तिकीट काढण्यासाठी ते सहा महिने आधीपासून पैसे बाजूला टाकीत. तिकीट एकाचेच व्हायचे. त्यात कोणी कोणावर अन्याय केला असे सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत. घरात तीन लहान मुले आणि आजारी आजेसासूबाई. रात्रभर घराबाहेर बसायचे कोणी? त्या तीन रात्री मामंजींना डबा, थर्मासमध्ये चहा आणि घोंगडी देऊन त्या दार लावून घेत.

काही वर्षे उत्सव रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर भरत असे आणि वाडा तेथून जवळच होता. रात्री रहदारी थांबली की कर्ण्याचा आवाज वाड्याच्या गच्चीपर्यंत यायचा. मुले निजली की सासूबाई गच्चीवर जाऊन बसत. पहाटे चारला नळाला पाणी येई. ते भरायला त्या खाली उतरत, तेव्हा पटांगणावर गाणे चालूच असे. शेवटच्या पहाटे भीमसेनजी गात. एकदा हंडा भरून वाहू लागला, अंगणभर पाणी झाले, शेजारणी ओरडू लागल्या आणि ह्या नळापाशी तशाच उभ्या. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जाई. मीही पुष्कळदा हसले आहे.

पुढे वाडा पडला, आम्ही बिबवेवाडीला आलो, 2009 साली मामंजी गेले. 2020 आणि 2021 अशी दोन वर्षे करोनामुळे उत्सव झाला नाही. 2022 च्या डिसेंबरात तो पुन्हा भरणार असे वर्तमानपत्रात आले. सासूबाईंनी ते पान घडी घालून उशीखाली ठेवले. चादर बदलताना ते माझ्या हाती आले. मी विचारले, "आई, हे काय?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं. रद्दीत टाक." तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या, आणि सवाईच्या मांडवात त्यांनी एकदाही पाय ठेवला नव्हता, हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलेच नव्हते.

मी न्यायचे म्हटल्यावर घरातून विरोध झाला. आमचे हे म्हणाले, "गुडघे धरले आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गर्दीत पडली तर?" धाकटा म्हणाला, "आजीला मोबाइलवर सगळे गाणे लावून देतो." दोघांचेही बोलणे मायेचेच होते. पण भगिनींनो, म्हाताऱ्या माणसाला आपण मायेनेच घरात बसवतो, हे मला त्या दिवशी उमगले. पूर्वी मुलांसाठी त्या घरी राहिल्या. आता मुलांना काळजी नको म्हणून घरी राहणार. त्यांनी जायचे तरी कधी?

शेवटी मी एका दिवसाची दोन तिकिटे काढली. येथे माझी पहिली चूक झाली. मी खुर्चीचे तिकीट काढणार होते, पण सासूबाई हट्टाला पेटल्या. "हे बैठकीवर बसायचे. मीही बैठकीवरच बसणार." मी ऐकले. मांडवात शिरून सतरंजी अंथरली, त्यांना भिंतीसारखा टेका द्यायला उशी नेली होती, ती पाठीशी ठेवली. दुपारी चारच्या सुमारास गाणे सुरू झाले. मी मांडव पाहत होते, माणसे मोजत होते. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. एक तरुण मुलगी गायला बसली. तिने दोन-चार स्वर लावले असतील नसतील, सासूबाई हळूच म्हणाल्या, "मुलतानी." मी म्हटले, "तुम्हाला कसे कळले?" त्या म्हणाल्या, "तुझे मामंजी आल्यावर सांगायचे, अमक्याने अमुक गायले. मी गच्चीवर ऐकलेले त्याला जोडून घ्यायची." पाठीमागच्या गृहस्थांनी "शूऽ" केले, तेव्हा मी गप्प बसले. बावीस वर्षे त्या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात वावरले, आणि हे मला ठाऊक नव्हते.

सातच्या पुढे थंडी पडली. त्यांचा चेहरा मला पांढरा दिसू लागला. पायात गोळे आले होते. उठवू गेले तर उठता येईना. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या दोन मुलांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभे केले. मी घाबरून म्हटले, "आई, चला घरी." त्या म्हणाल्या, "तू जा. मी बसते." मला रागच आला. मग बाजूला नेऊन विचारल्यावर खरे काय ते बाहेर पडले. सांगायला संकोच वाटतो, पण येथे सगळ्या बायकाच आहोत. गर्दीतून सारखे लघवीला उठायला नको, माझी अडचण व्हायला नको, म्हणून त्यांनी सकाळपासून जेमतेम एक पेला पाणी घेतले होते. पाणी न पिता, पाय दुमडून, थंडीत तीन तास! गोळे येणार नाहीत तर काय होणार? आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या बायका प्रवासाला, लग्नाला निघताना हेच करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून काहीजणी त्या दिवशी गोळीही चुकवतात. दोन्ही गोष्टींत धोका आहे.

मी त्यांना पाणी पाजले, हळूहळू चालवत नेऊन आणले, लाडू खायला दिला. तेथल्या एका स्वयंसेवक मुलाने कडेला एक खुर्ची मांडून दिली. त्या खुर्चीवर सासूबाई पुढे अडीच तास बसल्या. मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले. त्या मधून मधून माझ्या खांद्यावर बोटांनी ताल धरीत होत्या, ते त्यांना माहीतही नसेल.

रात्री दहाला गाणे थांबले. माणसे उठू लागली. सासूबाई म्हणाल्या, "संपले? आत्ता तर रात्र सुरू झाली." मी त्यांना सांगितले की आता रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा लावायचा नाही असा नियम आहे, वर्षातले थोडे ठरावीक दिवस काय ती बारापर्यंत परवानगी मिळते. हा ध्वनिप्रदूषणाचा नियम 2000 साली झाला. नियम योग्यच आहे. आजारी माणसे, तान्ही मुले, परीक्षेची पोरे यांना झोप हवी. सासूबाईंनाही ते पटले. रिक्षात मात्र बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "मग पहाटेचे राग आता तेथे कोणी गातच नसेल." आपल्या गाण्यात वेळेवेळेचे राग असतात. उत्सव रात्रभर चाले, तेव्हा मध्यरात्रीचे, उत्तररात्रीचे, पहाटेचे असे सगळे राग वेळेवर ऐकायला मिळत. सासूबाईंनी आयुष्यभर त्यातलेच जास्त ऐकलेले. त्यांच्या वाट्याचे सवाई तेवढे आता उरलेले नाही. त्यांना न्यायला आम्हाला उशीर झाला, याचे मला त्या रिक्षात फार वाईट वाटले. पण उत्सव रात्रभर चालत असता, तर पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना मी नेऊही शकले नसते, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट मनात येते. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल (1913–2009) हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. पुढे त्या सवाईच्या व्यासपीठावर कितीतरी वर्षे गायल्या. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर (1905–1989) यांनी तिकीट लावून बाईने गाण्याची बैठक करायची प्रथा पाडली. म्हणजे व्यासपीठावर बायका केव्हाच जाऊन बसल्या होत्या. मांडवात बसून ऐकायला मात्र आमच्या वाड्यातल्या बाईला छप्पन्न वर्षे लागली.

आता कामाचे चार शब्द. पुढच्या दोन वर्षीही मी सासूबाईंना घेऊन गेले, त्यातून शिकले ते सांगते. तिकीट एका दिवसाचे काढावे, आणि हट्ट केला तरी खुर्चीचे काढावे. जागा वाटेच्या कडेची धरावी, म्हणजे उठताना कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. उजेड असतानाच स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून यावे आणि एकदा बरोबर जाऊन यावे. मग त्यांची धास्ती जाते. पाणी घोट घोट द्यावे. गोळ्या वेळेवर द्याव्यात. शाल, कानाला रुमाल आणि पायमोजे न्यावेत. कर्ण्याजवळ बसू नये. त्यांच्या बटव्यात नाव, पत्ता आणि फोनचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. शेवटी गर्दीबरोबर उठू नये. दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे, मैदान मोकळे होऊ द्यावे. आणि मुख्य म्हणजे त्या किती वेळ बसतील हे त्यांना ठरवू द्यावे. आपण सारखे "दमलात का, दमलात का" विचारू नये. मी पहिल्या वर्षी विचारून विचारून त्यांचे निम्मे गाणे घालवले.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपली वर्षाची सहल देवदर्शनाची असते, ती असू द्यावी. पण आपल्या गल्लीत सत्तरीच्या पुढच्या अकरा बायका आहेत; मी मोजल्या आहेत. त्यातल्या किती जणींनी उशीखाली कसली कात्रणे ठेवली आहेत, ते आपल्याला माहीत नाही. कोणाला गाणे नको असेल, नाटक हवे असेल, माहेरच्या गावची जत्रा हवी असेल. आपण प्रत्येकीने एकीला विचारावे आणि एका संध्याकाळची सोबत करावी. मंडळाचा खर्च रिक्षाचा तेवढा होईल.

मला गाणे अजूनही कळत नाही. पण मागच्या खेपेला एका ठिकाणी मी अंदाजाने "मुलतानी का?" असे विचारले. सासूबाई म्हणाल्या, "नाही. पण विचारलेस ते बरे केलेस." आत्ताही त्या मला खुणेने सांगत आहेत की फार बोललीस, आता पुरे.